प्रचीतीवाले नाना

नानांच्या आयुष्यात योगायोग कधी घडतच नाही. घडतो तो संकेत. असे एक नाना प्रत्येक सोसायटीत असतात. बहुधा निवृत्त, आणि गंमत म्हणजे बरेचदा बीएस्सी झालेले.

‘आत्ताच तुझं नाव काढलं बघ, शंभर वर्षं आयुष्य आहे तुला!’ हे ते रोज कुणा ना कुणाला ऐकवतात. गेटजवळच्या बाकावर बसून दिवसभर अख्ख्या इमारतीची नावं काढल्यावर त्यातलं कुणी ना कुणी समोरून येणारच. मधेच पाल चुकचुकली, की बोलणं तोडून बाकावर टिचक्या आणि ‘कृष्ण कृष्ण’.

मागच्या सर्वसाधारण सभेत एक भानगड उघडकीला आली. पार्किंगवरून एकमेकांचं तोंड न बघणारे दोन सभासद एकाच तारखेला जन्मलेले निघाले. नानांनी तिथल्या तिथे त्यांना गेल्या जन्मीचे सख्खे भाऊ ठरवलं. (भाऊ म्हटल्यावर जागेवरून भांडण आलंच, एवढं मात्र पटलं.) दुसऱ्या मजल्यावरच्या गणिताच्या बाई म्हणाल्या, ‘नाना, २३ माणसं जमली तरी कुणा दोघांचा वाढदिवस जुळण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते. २३ जणांच्या जोड्याच होतात २५३!’ नानांचे डोळे चमकले. ‘दोन, पाच, तीन... दहा. म्हणजे एक! एकच तत्त्व, बाई!’ बाईंनी चहाचा कप उचलला आणि खिडकीकडे तोंड केलं.

२१ सप्टेंबर १९९५ ला गणपती दूध प्यायला, तेव्हा नाना चमचा घेऊन रांगेत होते. पृष्ठताणामुळे दूध चमच्याबाहेर ओढलं जातं आणि मूर्तीवरून पातळ ओघळ होऊन खाली उतरतं. तो ओघळ दिसावा म्हणून शास्त्रज्ञांनी दुधात रंग घालून दाखवला. नानांचा आक्षेप आजही कायम आहे: ‘रंग घातलेलं दूध देव पिईल कशाला?’

त्यांच्याकडे पुरावाही आहे. एक वही. तीन रकाने: तारीख, स्वप्न, प्रचीती. महिनाभर वाट बघूनही तिसरा रकाना कोराच राहिला, की ते पान फाटतं आणि मागच्या बाजूला वाण्याची यादी होते. अर्धा किलो पोहे, पाव किलो शेंगदाणे. तुम्ही ती वही जरूर बघा. एकही नोंद चुकलेली सापडणार नाही. दोनशेपानी घेतली होती. आता अठरा पानं उरली आहेत.