तीन मजली काटकसर

विवाहसमारंभात केक म्हणून जे मिरवले जाते त्यात वस्तुतः दोन निरनिराळे पदार्थ एका छपराखाली नांदत असतात, एक दिसण्याचा आणि दुसरा खाण्याचा. पहिल्याची मापे छायाचित्रकार ठरवतो आणि दुसऱ्याची वऱ्हाडी. घरच्या घरी, बेताच्या खर्चात केक करू पाहणाऱ्या कुटुंबाची बहुतेक फजिती या दोहोंना एकच समजण्यातून उद्भवते. वसई, मुंबईची उपनगरे आणि गोवा येथील ख्रिस्ती समाजात हा केक पूर्वीपासून गृहीत धरलेला असून, अलीकडे हिंदू घरांतील साखरपुडा व स्वागतसमारंभातही तो हारतुऱ्यांच्या शेजारी येऊन बसला असल्याने विषयाची व्याप्ती घरोघरी पोहोचली आहे, आणि प्रत्येक घरात ‘बाहेर एवढे पैसे कशाला घालवायचे, आपली मावशी करते की’ असे म्हणणारी एक तरी व्यक्ती असते. ती व्यक्ती मावशी कधीच नसते.

दिसण्याच्या केकमध्ये लबाडी असतेच, आणि तिला राजमान्यता आहे, ही गोष्ट काटकसरी कुटुंबांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. इंग्लंडमध्ये १७६९ साली एलिझाबेथ रॅफल्ड यांनी आपल्या पाकपुस्तकात ‘ब्राइड केक’ची कृती छापली, तेव्हा तो प्रामाणिक पदार्थ होता: ४ पौंड मैदा, ४ पौंड लोणी, मैद्याच्या पौंडामागे ८ या हिशेबाने ३२ अंडी, आणि वर आधी बदामाचा व मग साखरेचा लेप. राणी व्हिक्टोरियाच्या १८४० मधील लग्नाचा केक वजनाला सुमारे ३०० पौंड आणि घेराला ९ फूट असला, तरी उंचीला जेमतेम १४ इंच होता. मात्र तिच्या थोरल्या कन्येच्या १८५८ मधील विवाहात केकला मजले चढले, आणि त्यांपैकी तळमजला तेवढा केकचा व वरचे मजले निव्वळ साखरेचे होते. सगळेच मजले खाण्याजोगे असण्यासाठी १८८२ पर्यंत, म्हणजे धाकटा राजपुत्र लिओपोल्ड बोहल्यावर चढेपर्यंत, थांबावे लागले. ज्या साम्राज्यावर सूर्य मावळत नव्हता त्याचे वरचे मजले खोटे होते, तर दोन खोल्यांच्या घरातील वधूने संकोच करण्याचे कारण उरत नाही. पुढे दुसऱ्या महायुद्धात साखर शिधापत्रिकेवर गेली आणि १९४० मध्ये केकवर आयसिंग घालण्यासच बंदी आली, तेव्हा लंडनमधील नवदांपत्ये पुठ्ठ्याचा पांढराशुभ्र उंच केक भाड्याने आणीत, टोपलीप्रमाणे तो उचलला की आत एक लहानसा, बिनआयसिंगचा केक निघे. राजकन्या एलिझाबेथच्या १९४७ मधील लग्नाचा केक ९ फूट उंच व ५०० पौंड वजनाचा होता हे खरे. पण रेशनिंग चालू असल्याने त्याचे साहित्य परदेशांतून भेटीदाखल आलेले होते. कच्चा माल आहेरात घेण्याची ही राजेशाही युक्ती आपल्याकडील काकू-आत्यांना अद्याप सुचलेली नाही, हे यजमानांचे दुर्दैव होय.

आजच्या परिभाषेत या खोट्या मजल्याला ‘डमी’ म्हणतात आणि तो थर्मोकोलचा असतो. महाराष्ट्रात २०१८ मध्ये थर्मोकोलच्या सजावटीवर बंदी आल्यावर, जसे गणपतीच्या मखराला तसेच केकच्या मजल्यांनाही पर्याय शोधणे ओघाने आले, आणि बिस्किटांचा गोल पत्र्याचा डबा उलटा घालून त्यावर आयसिंग थापले असता काम भागते असे अनेक घरांत आढळून आले. म्हणजे प्रगती फिरून १९४० च्या लंडनला येऊन पोहोचली. खाण्याच्या केकचे गणित मात्र रोकडे असते. तिन्ही मजले खरे मानून लग्नातील तुकडा साधारण १ इंच बाय २ इंच धरला, तरी ६, ८ व १० इंची गोल केकमधून अनुक्रमे १२, २४ व ३८, म्हणजे एकूण ७४ तुकडे निघतात, आणि आमंत्रणे असतात ४००. उरलेल्या ३२६ जणांसाठी ९ बाय १३ इंचांच्या चौकोनी ट्रेमध्ये साधा केक भाजून आतल्या आत कापून ठेवावा लागतो. अशा एका ट्रेमध्ये ५४ तुकडे बसत असल्याने ६ ट्रेंचे ३२४ होतात व दोन माणसे उरतात. ती दोन माणसे वराची आत्या आणि तिचे यजमान असतात, हा अनुभव सार्वत्रिक आहे. सोपा मार्ग म्हणून एकच भलामोठा केक भाजू जाणाऱ्यास शाळेतील वर्तुळाचे क्षेत्रफळ उशिरा भेटते, कारण ६ इंची साच्याऐवजी १२ इंची साचा घेतला की मिश्रण दुप्पट नव्हे, चौपट लागते, आणि तो साचा घरातल्या ओटीजीच्या, म्हणजे भाजणे, शेकणे व खरपूस करणे ही तिन्ही कामे करणाऱ्या छोट्या विजेच्या भट्टीच्या, दारातच अडतो.

सजावटीचा खरा शत्रू हवामान होय. लग्नाचे मुहूर्त एप्रिल-मे महिन्यांत दाटीने येतात, लोणी ३२ ते ३५ अंशांना वितळते, आणि कोकणपट्टीतल्या मांडवाचे तापमान नेमके त्याच्या आसपास रेंगाळत असल्याने बटरक्रीमचे, म्हणजे लोणी व पिठीसाखर फेसून केलेल्या लेपाचे, गुलाब मंगलाष्टके संपेपर्यंत मान टाकतात. वनस्पती तूप जरा उशिरा वितळते, म्हणून जुन्या बेकऱ्या तेच वापरीत. तो लेप उन्हात टिकतो खरा, पण टाळूलाही तितक्याच निष्ठेने चिकटून राहतो. फाँडंट ही साखरेची मळून लाटलेली पोळी दिसायला गुळगुळीत, परंतु फ्रीजमधून दमट हवेत काढताच तिला असा घाम फुटतो की पाहुण्यांना नवरदेवाची आठवण व्हावी. उरते रॉयल आयसिंग: अंड्याचा पांढरा भाग, पिठीसाखर आणि लिंबाचे चार थेंब. हे वाळून कडक होते, उष्म्याला दाद देत नाही, आणि सुरीला दाद द्यावी म्हणून त्यात चमचाभर ग्लिसरीन घालतात; जे घालायला विसरतात त्यांच्या घरी वधूवर हसत हसत सुरी दाबतात आणि केक जागचा हलत नाही. अंडे न खाणाऱ्या पाहुण्यांना ही गोष्ट आधी सांगणे हा शिष्टाचार आहे, आणि बाजारातल्या बहुतेक मार्शमेलोंत जिलेटिन, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यापासूनचा चिकट पदार्थ, असल्याने त्यांच्यापासून केलेले फाँडंटही त्यांना चालण्यातले नाही, हे सांगणे त्याहून अवघड.

विकतची आयसिंग शुगर महाग वाटून साखर मिक्सरवर दळणाऱ्या घरांत भांड्याचे झाकण उघडताच एक शुभ्र ढग निघतो आणि तो देव्हाऱ्यापासून दूरदर्शनसंचापर्यंत सर्वांना समदृष्टीने लेपतो. त्यानंतर येतात मुंग्या. मेजाचे चारही पाय पाणी भरलेल्या वाट्यांत ठेवण्याचा आजीचा उपाय येथे आजही अजोड असून, पायाशी चार वाट्या आणि डोक्यावर तीन मजले अशा थाटात उभा असलेला केक रात्रभर कोणी ना कोणी उठून पाहतच असते. नक्षी काढण्यासाठी नळी-पिशवी विकत घेण्याची गरज नसते: बटर पेपरचा कोन वळून टोक कापले की पुरे, आणि ज्या भाचीने सात करवल्यांचे हात मेंदीच्या कोनाने भरले तिला केकची कड भरणे म्हणजे त्याच कामाचा गोड अवतार वाटतो. फरक इतकाच की मेंदी चुकली तर ती पुसता येत नाही आणि आयसिंग चुकले तर ते चाटून टाकता येते. या सोयीमुळे भाची हेतुपुरस्सर चुकू लागते.

मजल्यांवर मजले चढवण्यामागे स्थापत्यशास्त्र आहे. प्रत्येक मजल्याखाली पुठ्ठ्याची चकती आणि खालच्या मजल्यात त्याच्या उंचीइतक्या कापलेल्या लाकडी काड्या, ज्यांना डॉवेल म्हणतात, रोवाव्या लागतात, जेणेकरून वरचा भार स्पंजवर न पडता काड्यांवरून तळाच्या पाटीवर उतरतो. या काड्या वाचवू पाहणाऱ्या कुटुंबाचा तीन मजली केक सभागृहात पोहोचेपर्यंत अडीच मजली होतो. म्हणून मजले सुटे न्यावेत, मांडी घातलेल्या माणसाच्या मांडीवर न्यावेत, आणि रिक्षावाल्याला गतिरोधकांची पूर्वकल्पना द्यावी.

आता जमाखर्च. मैदा, साखर, अंडी आणि लोणी यांना लागलेली रक्कम पाहून यजमानांचा ऊर भरून येतो, आणि तो भरलेला असतानाच फिरता पाट, साचे, चांदीच्या खाद्य गोळ्या, जेलचे रंग, नोझल म्हणजे कोनाच्या टोकाला बसणाऱ्या नक्षीच्या टोप्या, शिवाय सरावासाठी भाजलेले आणि घरच्यांनी न कुरकुरता संपवलेले केक अशी दुसरी यादी पुढे येते. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात ते हेच. तरीही ‘बाहेर’च्या भावापेक्षा आकडा कमीच भरतो, कारण मावशीची मजुरी कोणत्याच रकान्यात लिहिलेली नसते, ती तिला साडीच्या रूपाने पोहोचते, आणि तो खर्च आहेराच्या खात्यावर पडतो.

केक कापण्याच्या वेळी एका विश्वासू व्यक्तीने वधूच्या कानाशी उभे राहणे आवश्यक ठरते, कारण खरा भाग कोठे आहे हे तिला एकटीलाच सांगायचे असते. त्यासाठी तळमजल्यावर मागील बाजूस एक गुलाबी फीत खुणेसाठी लावून ठेवतात, आणि छायाचित्रकार ‘पुढून कापा, प्रकाश तिकडे आहे’ असे सांगून तो सारा बंदोबस्त मोडीत काढतो. पत्र्याच्या डब्यावर सुरी वाजते तो आवाज बँडमध्ये बुडावा म्हणून मामा ऐन वेळी वाजंत्र्यांना खूण करतात. वरचे दोन मजले आयसिंगसकट धड परत येतात, त्यांवरील धूळ कोरड्या कुंचल्याने झटकतात, आणि पुढल्या हंगामात मामेबहिणीच्या साखरपुड्याला, गुलाब काढून जास्वंदी लावून, ते पुन्हा उभे राहतात; फक्त तळमजला तेवढा नवा भाजावा लागतो, आणि त्याविषयी ‘मावशी करते की’ असे कोणीतरी आधीच म्हणून मोकळे झालेले असते.