वरच्या मजल्याचे पाणी

पाणी उताराकडे धावते हे न्यूटनच्या पूर्वीही सर्वांस ठाऊक होते. परंतु जाताना ते भाडेकरूचे दायित्वही बरोबर घेऊन जाते, हे आमच्या वॉशिंग मशीनचा पाइप निसटला आणि खालच्या मजल्यावरील सद्गृहस्थ छताचा ओला पोपडा वर्तमानपत्रावर ठेवून, नैवेद्याचे ताट आणावे तसे, आमच्या दारी उभे राहिले तेव्हा प्रथम कळले.

पुढे तक्रार दप्तरी दाखल झाली. सोसायटीच्या चिटणिसांनी उपविधी काढून दाखविले की गच्चीची गळती संस्थेची, न्हाणीघर व सिंक यांची मात्र सभासदाची. आणि सभासद, म्हणजे आमचे घरमालक, यांनी 1882च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचे कलम 108 ऐकविले, ज्यान्वये घर घेतले तसे परत करणे, रास्त झीज वगळून, हे भाडेकरूचे कर्तव्य ठरते. (वस्तुतः आमचा करार अकरा महिन्यांच्या 'लीव्ह अँड लायसन्स'चा, म्हणजे कायद्याने आम्ही भाडेकरूच नव्हतो, पण अनामत रकमेवर डोळा असता असले सूक्ष्म भेद कोणास आठवतात?)

राहता राहिला विमा. 2021 पासून प्रचारात आलेल्या 'भारत गृह रक्षा' पॉलिसीत पाण्याच्या टाक्या व नळ फुटून होणारे नुकसान समाविष्ट आहे, आणि घर परक्याचे असले तरी आपल्या चीजवस्तूंचा विमा उतरविता येतो, हे वाचून हर्ष झाला. आमच्या चीजवस्तूंपैकी भिजले होते ते एक पायपुसणे. खालच्यांचे छत ही आमची चीजवस्तू नव्हे, असे एजंटाने अत्यंत अदबीने सांगितले.

छत सध्या वाळत आहे. डाग वीतभर आहे; रंगारी मात्र संपूर्ण खोलीचाच हिशेब देतो.