फोनचा सातबारा

आमच्या शोकेसच्या खालच्या खणात जुने फोन आहेत. ते बिघडलेले नाहीत. चार्जरला लावले की जागे होतात, बटण दाबलं की थरथरतात, गाणीही म्हणतात. तरी ते खणात आहेत, कारण आधी कंपनीने त्यांना अपडेट देणं बंद केलं, मग बँकेच्या ॲपने ओळख दाखवणं बंद केलं आणि शेवटी त्यातल्या काहींकडे व्हॉट्सॲपनेही पाठ फिरवली. राज्य सरकारच्या कारकुनाला निदान अठ्ठावन्न वर्षं मिळतात. या फोनांना दोन-तीन मिळाली तरी डोक्यावरून पाणी होतं.

यातला २०१७ सालचा एक फोन मी पुन्हा सेवेत घ्यायचं ठरवलं. त्याच्या पोटात स्नॅपड्रॅगन ६२५ ही चिप आहे. तिला आठ कोअर. आठही जण धडधाकट, आणि काम काय, तर डांबराच्या गोळ्यांशेजारी पडून राहणं. कंपनीने त्यात घातलेला सिस्टीमचा गाभा, लिनक्स कर्नल, ३.१८ नंबरचा, म्हणजे डिसेंबर २०१४ मधला. फोन कोरा करकरीत असतानाच त्याचं डोकं तीन वर्षांनी शिळं होतं.

“मग दुसरी सिस्टीम टाक की,” असं आमचा भाचा म्हणाला. भाच्यांना असं म्हणायला काय जातं! लोकप्रिय फोनांची चैन असते. त्यांच्यासाठी लिनिएजओएस तयार मिळतं. सायनोजेनमॉड या आधीच्या सिस्टीमच्या मागची कंपनी २०१६ च्या शेवटी बसली तेव्हा तिथल्याच हौशी मंडळींनी हा संसार नव्या नावाने मांडला. पण माझा फोन त्यांच्या यादीत नव्हता. तो कुणाच्याच यादीत नव्हता. अशा बेवारशांसाठी पोस्टमार्केटओएस आहे. अल्पाइन लिनक्सवर उभारलेली ही सिस्टीम २०१७ मध्येच सुरू झाली, आणि फोन दहा वर्षं तरी वापरता यावा एवढीच तिची माफक महत्त्वाकांक्षा आहे. मात्र तुमचा फोन तिथेही नसेल, तर तो त्यात बसवण्याचं काम तुमचं. याला पोर्टिंग म्हणतात. आमच्या घरात याला ‘अहो, जेवायला येताय ना?’ म्हणतात.

या पंथाचं दैवत म्हणजे एचटीसी एचडी२. २००९ साली हा फोन विंडोज मोबाइल घेऊन आला. पुढे लोकांनी त्यावर ॲन्ड्रॉइड चढवलं, विंडोज फोन चढवलं, उबुंटू चढवलं, मीगोसुद्धा चढवलं. त्या फोनने कशालाच नाही म्हटलं नाही. माझा फोन त्या स्वभावाचा नव्हता.

पहिली पायरी बूटलोडर उघडण्याची, म्हणजे दुसरी सिस्टीम आत येऊ न देणारं कुलूप काढण्याची. स्वतःच्या पैशाने घेतलेल्या वस्तूचं कुलूप काढायला कंपनीकडे अर्ज करावा लागतो. अर्जानंतर काही दिवस थांबायचं, कारण तुम्ही शुद्धीवर आहात याची कंपनीला खात्री करून घ्यायची असते. मग कुलूप उघडतं आणि फोनमधले सगळे फोटो पुसले जातात. हे सगळं रीतसर सांगून होतं, त्यामुळे भांडताही येत नाही.

खरी मेख पुढे आहे. कॉम्प्युटरवर कुठलीही सिस्टीम टाकली, तर तिला आत काय काय आहे ते मशीनच सांगतं. फोन तोंडात गुळणी धरून बसतो. स्क्रीन कुठल्या पत्त्यावर आहे, आवाजाचं बटण कुठल्या तारेला आहे, स्पर्श झाल्याची वर्दी कुणाकडे जाते, हे सगळं एका फाइलीत लिहून कर्नलला द्यावं लागतं. त्या फाइलीला डिव्हाइस ट्री म्हणतात. पूर्वी एआरएम चिपवाले ही माहिती सरळ कर्नलच्या कोडमध्येच कोंबत. त्या पसाऱ्यावर २०११ मध्ये खुद्द लिनक्सचा जनक लिनस टॉरव्हाल्ड्स असा भडकला, की त्याचे शब्द मराठी मासिकात छापता यायचे नाहीत. त्यानंतर मंडळी मुकाट्याने फाइली लिहू लागली.

कर्नलचा परवाना असा, की ज्याला फोन विकला त्याला कंपनीने कर्नलचा सोर्सही द्यायला हवा. आमच्या कंपनीने दिला. फक्त तो या फोनच्या धाकट्या भावाचा होता. त्यावरून मी फाइल बेतली, केबल जोडली, हुकूम सोडला. फोन थरथरला, लोगो आला, स्क्रीन काळी झाली, आणि पुन्हा थरथरला. रात्रभर त्याचं हेच. हिने उशी उचलली आणि बाहेरच्या खोलीत गेली.

त्या सुमारास माझे सासरे मोतीबिंदूचं ऑपरेशन करून आमच्याकडे विश्रांतीला आले होते. अण्णा निवृत्त तलाठी. नव्या डोळ्याने काय वाचू आणि काय नको, असं त्यांना झालं होतं. ते माझ्या मागे उभे राहून स्क्रीनवरची ती फाइल बराच वेळ बघत राहिले.

“जावईबापू, गाव कुठलं म्हणायचं हे?”

“अण्णा, हे गाव नाही. फोनची मेमरी आहे.”

“असेल. पण हा सातबारा आहे.”

मी समजावू लागलो आणि समजावता समजावता गप्प झालो. प्रत्येक नोंदीत आधी पत्ता, मग लांबी: गट नंबर आणि क्षेत्र. खाली कुठला ड्रायव्हर तिथे राबणार त्याचं नाव: कब्जेदार. काही नोंदींवर ‘डिसेबल्ड’ असा शेरा. “पड,” अण्णा म्हणाले. एका नोंदीत दुसरीचा उल्लेख. “इतर हक्क. विहिरीत हिस्सा असणार.” मी मान डोलावली, कारण तो विजेच्या पुरवठ्यातला हिस्सा होता.

आकडे सोळाच्या हिशोबातले होते. नवानंतर ए, बी, सी करत एफपर्यंत जायचं, हे मी चाचरत सांगितलं. अण्णांना त्यात काहीच विशेष वाटलं नाही. त्यांची प्राथमिक शाळा १९५७ च्या आधीची, म्हणजे सोळा आण्यांच्या रुपयातली. पुढे नोकरीभर पिकांची आणेवारी लावली. “तुम्ही लोक दहात मोजायला लागलात, तिथेच घोळ झाला,” असं म्हणून त्यांनी कॅलेंडरचं पान उलटं केलं आणि बेरजा मांडल्या.

फाइलीत राखीव मेमरीचे तुकडे असतात. त्यातला काही भाग चिपच्या सुरक्षा विभागाचा, काही मोडेमचा. कर्नलने तिथे पाऊल टाकायचं नाही. सुरक्षा विभागाच्या हद्दीत टाकलं, तर चिप कारण न सांगता फोन बंद करून पुन्हा सुरू करते. अण्णांचं बोट दोन नोंदींवर थांबलं. “हा गट इथे संपायला हवा. याची हद्द पुढच्यात शिरलीय. आणि पुढचं गायरान आहे. गायरानात नांगर घातल्यावर साहेब येणारच.”

खरंच शिरली होती. धाकट्या भावाच्या मोजमापात ती बसत होती, याच्या नाही. कर्नल स्वतःही अशा अतिक्रमणाची तक्रार लिहितो म्हणे, पण ती ज्या स्क्रीनवर वाचायची तीच काळी. मी हद्द मागे घेतली, फाइल पुन्हा बांधली आणि फोनला लावली. तो थरथरला. लोगो आला, गेला. स्क्रीन काळीच राहिली. पण या वेळी फोन पुन्हा थरथरला नाही. मी कॉम्प्युटरवरून फोनच्या १७२.१६.४२.१ या पत्त्याला हाक मारली आणि पलीकडून उत्तर आलं. मी ओरडलो. ही धावत आली. “काय झालं?” “फोन चालू झाला!” तिने काळ्या स्क्रीनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग वडिलांकडे. अण्णा म्हणाले, “फेरफार मंजूर झाला.”

स्क्रीन पुढच्या आठवड्यात लागली. टच लागला, वाय-फाय लागलं, पिन विचारणारी पाटी आली. टॉर्च तर कंपनीच्या सिस्टीमपेक्षा लवकर लागतो, हे मी पाहुण्यांना दाखवतो. कॅमेरा बंद आहे. ब्लूटूथ लहर लागली तर. मोडेम सिमकार्ड ओळखतो, पण कॉल लागत नाही. यूपीआयचा विषयच नाही. बँकांची ॲप्स ॲन्ड्रॉइडसाठी केलेली असतात आणि कुलूप काढलेला फोन दिसला की पदर सावरून बसतात.

“कॉल लागत नाही, फोटो निघत नाही, पैसे देता येत नाहीत. मग हा फोन कसला?” हिचा प्रश्न. मुद्दा बिनतोड आहे. पण ज्या कर्नलवर तो आता चालतो, तो ताजा आहे; नवा घेतलेला माझा रोजचा फोन याच्यापेक्षा जुन्या कर्नलवर आहे. हे मी तिला सांगितलं. तिने भाजी निवडायला घेतली.

सध्या तो फोन अण्णांकडे आहे. वाय-फायवर महाभूलेख उघडून ते गावातल्या लोकांचे सातबारे तपासतात आणि चुका काढून संबंधितांना आपल्या जुन्या बटणाच्या फोनवरून कळवतात. गावात यावरून थोडं वातावरण तापलं आहे, पण त्याला माझा इलाज नाही.

तुमच्या खणात असा फोन असेल, तर भंगारवाल्याला देण्याआधी त्याचा मॉडेल नंबर बघा. कदाचित कुणीतरी त्याचा सातबारा उतरवून ठेवलेला असेल. आणि पुढचा फोन घेताना मेगापिक्सेल विचारण्याआधी दुकानदाराला एवढं विचारा: याचा बूटलोडर उघडतो का? त्याला माहीत नसेल. तरी विचारा.