सोन्यावरून रुसलेला नातू

आमच्या आणि काकूंच्या अंगणामध्ये तारेचं कुंपण आहे. त्यावर दोडक्याचा वेल चढलाय आणि वेलाला जिथे भगदाड आहे तिथून सेलूतल्या निम्म्या बातम्या ये-जा करतात. सेलू म्हणजे आमचं, वर्ध्याजवळचं, बोर धरणाच्या वाटेवरचं. परभणीकडच्या सेलूला निघालेला एक पाहुणा एकदा आमच्या स्टॅण्डवर उतरून तासभर सासर शोधत होता, पण ती गोष्ट पुन्हा कधी.

परवा सकाळी, ऊन चढायच्या आत, काकू खाटेवर कुरडया घालत होत्या. मी तुळशीला पाणी घालायला बाहेर आले, तर सोऱ्या हातात तसाच धरून त्या कुंपणाशी हजर.

"ऐकलं का वं? आमच्या नातवाले तिकडे शाळेत म्हातारा केला."

"म्हातारा?"

"टकला म्हातारा. मागून लांब पांढरे केस, नाकावर इतकुसा चष्मा, हातात पतंग. नऊ वर्षाचं पोट्टं! रात्री फोन करून दाखवून राह्यलं होतं. मी म्हटलं, संक्रांत तर होऊन गेली, आता पतंग कायले?"

अमेरिकेतल्या त्यांच्या नातवाच्या शाळेत प्रत्येक पोरानं एकेक थोर माणूस व्हायचं, पुतळ्यासारखं उभं राहायचं, आणि कुणी समोर आलं की त्या माणसाची गोष्ट घडाघडा सांगायची असा कार्यक्रम होता. यांच्या वाट्याला बेंजामिन फ्रँकलिन आला होता.

"म्हणे तिकडचा राष्ट्रपिता आहे तो. मी म्हटलं, अरे तो तर वॉशिंग्टन न? तर म्हणते कसं, आजी, आमच्याकडे पुष्कळ आहेत. सांग आता! एका देशाले बाप पुष्कळ!"

आतून काकांचा आवाज आला. काका शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण तास काही सुटलेला नाही. पेपर घडी करून ते ओट्यावर येऊन बसले. "ज्यांनी 1776 चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा केला, 1787 ची घटना लिहिली, त्या सगळ्यांना ते तसं म्हणतात. फ्रँकलिनची दोन्हीवर सही आहे. पण पतंग उडवला तेव्हा तो सेहेचाळीस वर्षांचा होता. मजा त्याच्या आधीची आहे."

"मग सांगा न आधीची," काकू म्हणाल्या. "कुरडया काय पळून जात नाहीत."

तर फ्रँकलिनचा बाप बोस्टनमध्ये मेणबत्त्या आणि साबण करायचा. त्याला एकूण सतरा लेकरं, हा पंधरावा.

"सतरा!" काकूंच्या हातातला सोऱ्या थरथरला. "त्या बाईचं काय झालं असंल?"

"दोन बायकांची मिळून," काका म्हणाले.

"हं, मग ठीक," असं म्हणून काकूंनी फ्रँकलिनच्या बापाला अर्धी माफी दिली. अर्धी तशीच ठेवली.

शाळा झाली इनमिन दोन वर्षं. मग बापाच्या हाताखाली वाती कापल्या, आणि बाराव्या वर्षी थोरल्या भावाच्या छापखान्यात उमेदवारीवर बांधून दिला, वयाच्या एकविसाव्या वर्षापर्यंत. भावाचं वर्तमानपत्र होतं, पण धाकट्याचं लिखाण तो काही छापला नसता. म्हणून या सोळा वर्षांच्या पोरानं एका विधवेच्या नावानं पत्रं लिहिली आणि रात्री छापखान्याच्या दाराखालून आत सरकवली. भावाला ती इतकी आवडली की एकामागून एक चौदा छापली. कळल्यावर तो चिडला, हे सांगायला नकोच.

"विधवेच्या नावानं?" काकू म्हणाल्या. "पोट्ट्याले काय माहीत तिचं दुःख! आणि लोकाइनं वाचलं?"

"आवडीनं वाचलं."

"मग तिकडच्याही लोकाइले काही काम नव्हतं म्हणायचं."

भाऊ हात उचलायचा. शेवटी 1723 साली, सतराव्या वर्षी, पोरगा करार मोडून गुपचूप पळाला. फिलाडेल्फियाला पोचला तेव्हा अंगावर मळके कपडे, खिशात किरकोळ पैसे. तीन पेनीचा पाव मागितला तर दुकानदारानं हे एवढाले तीन हातात दिले. दोन काखांत दोन, तिसरा खात खात निघाला रस्त्यानं. एका दारात एक मुलगी उभी होती, ती त्याचा अवतार बघून हसली. काही वर्षांनी तिच्याशीच त्याचं लग्न झालं.

इथे काकू खूश झाल्या. लग्न आलं की काकूंना कोणताही इतिहास पटतो. पण लगेच त्यांचा चेहरा बदलला. "थांबा वं. सतराव्या वर्षी घर तर आपल्या वर्ध्याच्या शेटजींनीही सोडलं होतं. माझी सासू सांगे."

शेटजी म्हणजे जमनालाल बजाज. आमच्याकडे वर्ध्याला जायचं म्हणजे बजाज चौक येतोच, त्यामुळे माणूस कमी आणि चौक जास्त अशी त्यांची ओळख. मलाही तेवढीच होती. काकूंनी सोऱ्या खाटेवर ठेवला, म्हणजे आता गोष्ट लांबणार हे मी ओळखलं आणि तांब्या खाली ठेवला.

"ते मूळचे वर्ध्याचे नाहीतच मुळी," काका म्हणाले. "राजस्थानातलं सीकर, त्याच्याजवळ काशी का बास नावाचं बारकं खेडं. 4 नोव्हेंबर 1889 चा जन्म. बाप कनीराम, आई बिरदीबाई. साधं घर. आणि वर्ध्याचे शेठ बच्छराज बजाज, त्यांचा दत्तक मुलगा रामधनदास अकाली गेलेला. घर मोठं, पैसा मोठा, पुढे कोणी नाही."

"मग शेटाणी सदीबाई गेल्या तिकडे," काकूंनी सूत्रं हाती घेतली. "अंगणात पोरगं खेळून राह्यलं होतं, गोरं, गोमटं. म्हणाल्या, मले दे. आता असं कोणी म्हटलं का आपण काय म्हणतो? तुमचंच आहे म्हणतो न? रीत आहे. ती माय तसंच म्हणाली. आणि शेटाणीनं शब्द धरला!"

सांगतात असं. खरं किती, वाढवलेलं किती, देव जाणे. पण पाच वर्षांचं पोर नातू म्हणून वर्ध्याला दत्तक आलं हे खरं, आणि आईबापांनी त्याचे पैसे घेतले नाहीत हेही. गावात पाण्याचे हाल होते, तर बच्छराजजींनी तिथे विहीर बांधून दिली.

काकू बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "रोज पाणी शेंदताना त्या मायले काय वाटत असंल वं?"

काकांकडे याला उत्तर नव्हतं. ते शाळेवर आले. वर्ध्यात मराठी चौथीपर्यंत शिक्षण, बस्स. फ्रँकलिनपेक्षा दोन वर्षं जास्त, हे काकूंनी बोटांवर मोजून सांगितलं आणि नातवाला फोनवर सांगायचं ठरवूनही टाकलं. 1902 मध्ये लग्न, जावऱ्याच्या जानकीदेवींशी. नवरा बारा वर्षांचा, नवरी नऊ.

आणि मग तो प्रसंग. घरातली मंडळी एका लग्नाला निघाली होती. बच्छराजजींचं म्हणणं, शेठाच्या नातवानं दागिने घालून मिरवलं पाहिजे. नातू म्हणे, मी घालणार नाही. म्हातारा तापट. नको नको ते बोलला, माझ्या पैशावर वाढलास हेही त्यात आलंच. पोरानं उलट उत्तर दिलं नाही. कागद घेतला आणि पत्र लिहिलं. तुमच्या संपत्तीवर माझा काही हक्क नाही, अंगावरच्या कपड्यांपलीकडे मी काही नेत नाही, तुमच्यावर राग नाही, अशा अर्थाचं. आणि घराबाहेर पडला.

"सोन्यावरून!" काकू म्हणाल्या. "लोकं सोनं दिलं नाही म्हणून रुसतात. हा घाल म्हटलं म्हणून रुसला."

आता माझ्यातला वकील जागा झाला. "पण काकू, परत आलेच न ते? आजोबांनी समजूत घालून आणलंच घरी. फ्रँकलिन काही परत गेला नाही नोकरीला. श्रीमंताच्या घरून रुसून जायला काय लागतं? शोधायला माणसं येणारच."

"गेला होता," काका शांतपणे म्हणाले. "फ्रँकलिनही गेला होता परत. ऐक."

पळाल्यानंतर सात-आठ महिन्यांनी तो बोस्टनला घरी आला. नवा कोरा सूट, खिशात घड्याळ, आणि चांदीची नाणी. थेट भावाच्या छापखान्यात गेला. तिथल्या कामगारांसमोर मूठभर चांदी काढून दाखवली, घड्याळ दाखवलं, वर दारूला पैसेही दिले. भाऊ कोपऱ्यात फुरंगटून बसलेला. हे कुणा शत्रूनं लिहिलेलं नाही, फ्रँकलिननं स्वतःच आत्मचरित्रात सांगितलंय. भाऊ तो अपमान विसरला नाही.

"म्हणजे एक जण सोनं घालायचं नाही म्हणून घराबाहेर पडला," मी म्हटलं, "आणि दुसरा चांदी दाखवायला घरी आला."

"दुसराही आपल्यातलाच वाटून राह्यला मले," काकू म्हणाल्या. "दुबईहून आला का तो नाही का, कोपऱ्यावरचा?" त्यांनी नाव घेतलं, ते मी इथे देत नाही.

फ्रँकलिनचं पुढचं काकांनी झरझर उरकलं. स्वतःचा छापखाना, वर्तमानपत्र, आपण किती कष्टाळू आहोत हे लोकांना दिसावं म्हणून कागदाची हातगाडी स्वतः ढकलत रस्त्यानं नेणं, 1731 मध्ये वर्गणीवरचं वाचनालय, आणि बेचाळिसाव्या वर्षी धंद्यातून मोकळा. अमेरिकेच्या शंभर डॉलरच्या नोटेवर त्याचं चित्र आहे, म्हणजे चांदी दाखवायची हौस चांगलीच फिटली म्हणायची.

"शंभराचं आपल्याकडेही आहे," काकूंना आठवलं. "केसरीचं सांगा न."

टिळकांच्या केसरीची हिंदी आवृत्ती नागपुरातून निघायची होती. जमनालालजींना घरून रोज एक रुपया हातखर्चाला मिळायचा. त्यातले साठवून त्यांनी शंभर रुपये पाठवले. पुढे टिळक स्वराज्य फंडाला लाख दिला, वकिली सोडणाऱ्या वकिलांसाठी लाख दिला, पण त्या शंभराचा आनंद कशालाच नव्हता असं ते म्हणत.

"आणि तुझा वकिली मुद्दा," काका माझ्याकडे वळले. "परत आले, कबूल. बच्छराजजी 1907 मध्येच वारले आणि सगळं याच पोराच्या हाती आलं. पण पत्रात हक्क सोडला तो सोडला. आलेली रक्कम स्वतःची मानली नाही, ती दानात काढली. कापसाचा धंदा वाढवला, तोही विश्वस्तासारखा. पळून गेलं की एकदाच जावं लागतं. त्याच घरात राहून, त्याच गादीवर बसून, हे माझं नाही म्हणत रोज वही लिहायची..." पुढे ते काही बोलले नाहीत. मीही पुढची तारीख मागितली.

सरकारनंही हात धुऊन पाठ धरली होती, वेगळ्या अर्थानं. 1908 मध्ये, विशीच्या आत, ऑनररी मॅजिस्ट्रेट केलं. पुढे रायबहादुरी दिली. ती 1921 मध्ये परत केली. 1923 च्या नागपूरच्या झेंडा सत्याग्रहात शिक्षा आणि तीन हजारांचा दंड झाला. दंड भरेनात म्हणून मोटार जप्त केली, तर नागपुरात कोणी बोलीच लावेना.

"आणि जानकीदेवींचं?" काकूंचं लक्ष सोन्यावरून हललेलं नव्हतं. "त्याइनंही उतरवले न सारे दागिने? पडदाही सोडला. नवऱ्यानं सांगितलं म्हणून."

"नुसतं सांगितलं म्हणून नाही. पुढे त्या स्वतः सभांत बोलायला लागल्या."

"ते मोठेपणी. पण पहिला दिवस पाहा न. हात रिकामा, गळा रिकामा, आणि समोर साऱ्या मारवाडी बायका बसलेल्या." काकूंनी आपल्या पाटल्यांकडे एकदा पाहिलं. "त्याचं पत्र साऱ्याइले माहीत आहे. तिच्या मनातलं कोणी लिहिलं असतं तर मी वाचलं असतं. त्या विधवेच्या पत्रापेक्षा तर नक्कीच."

मला फ्रँकलिनपेक्षा आणि बजाजांपेक्षा हे वाक्य जास्त घरचं वाटलं, पण ते मी काकूंना सांगितलं नाही. त्या हवेत गेल्या असत्या.

"पण मग हे राष्ट्रपित्यात बसतात का नाही?" मी काकांना विचारलं.

"बसायला वेळ कुठे मिळाला? 11 फेब्रुवारी 1942 ला वर्ध्यातच गेले. घटना तर सोडाच, चले जाव पण पाहिलं नाही."

"वय?"

"बावन्न."

"पोट्टंच की," काकू म्हणाल्या. त्या स्वतः बाहत्तरच्या आहेत.

"आणि त्यांना बाप व्हायचंच नव्हतं," काकांनी पुढे म्हटलं. "1920 ची नागपूर काँग्रेस. हे स्वागताध्यक्ष, वय एकतीस, स्वतःला लेकरं. गांधीजींकडे काही मागायचंय म्हणाले. काय, तर मला तुमचा पाचवा मुलगा म्हणून दत्तक घ्या."

"पाहा!" काकूंनी टाळी दिली ती तारेवर. वेल हलला. "लहानपणी दुसऱ्याइनं नेलं दत्तक. मोठेपणी स्वतः जाऊन बाप निवडला. तिकडे बाप ढीगभर, इकडे एक. मग लेकरंच वाढवावी लागतात."

तेवढ्यात फोन वाजला. नातवाची तिकडे झोपायची वेळ, मिशीशिवायच्या म्हाताऱ्याचा मेकअप अजून कानामागे पांढरा राहिलेला. पुढच्या वर्षी तुला आमच्या वर्ध्याचे शेटजी व्हायचंय, असं काकूंनी त्याला परस्पर जाहीर केलं. खादीचा सदरा मी पाठवते, टोपी पाठवते.

"त्यांच्या हातात काय असतं, आजी? काईट?"

काकू अडल्या. माझ्याकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं. दागिने घालायचे नव्हते, पत्र काही दिसत नाही, मोटार लिलावात गेलेली.

"विहीर असते," त्या म्हणाल्या.

"हातात?"

"अरे, तू बनव तर आधी पुठ्ठ्याची," असं म्हणत काकू एकदम वळल्या, कारण खाटेवर कावळा बसला होता आणि कुरडईच्या पहिल्या ओळीत पाय रोवून आरामात चिकाची चव घेत होता.