गेलेलं शील

न गळणारा टँकर वाघोलीत कुणी पाहिलेला नाही. मागचा व्हॉल्व्ह ठिबकत असतो. ब्रेक लागला की वरच्या झाकणातून पाणी भसकन उसळून मागच्या दुचाकीवाल्यावर पडतं, आणि मे महिना असेल तर तोही फारसं काही बोलत नाही. त्यामुळे आमच्या टँकरच्या मागच्या डाव्या चाकाखाली ओलं दिसायला लागलं, तेव्हा तीन आठवडे आम्ही ते पाणीच समजत होतो.

शोध लावला तो केसनंद रोडच्या एका सोसायटीतल्या पोरांनी. टँकर रिकामा होऊन गेला की मागच्या डबक्यात इंद्रधनुष्य उमटायचं, ते बघायला ती खाली जमायची. चेअरमनसाहेबांना इंद्रधनुष्याची आवड नव्हती. त्यांचा फोन आला, "तुम्ही पाणी देता की रॉकेल?"

गाडी माझ्या लग्नाच्या आधीची. कुठल्या कंपनीची ते सांगत नाही, कारण पुढे जे काही झालं त्यात कंपनीचा काडीचाही दोष नव्हता. मिस्त्रींनी चाकाच्या आतल्या बाजूला बोट फिरवलं, नाकाशी नेलं. गिअर ऑईलला गंधकाचा असा एक वास असतो की तो एकदा बोटाला लागला की जेवताना भाकरीलाही येतो. मिस्त्री म्हणाले, "नव्वद नंबर हाय. शील गेलंय."

आमच्या अण्णांची उभी हयात वारीत आणि कीर्तनात गेलेली. त्यांनी हे वाक्य घरी येऊन आईला जसंच्या तसं सांगितलं. ओट्यावर बसलेल्या शेजारच्या काकूंनी फक्त शेवटचे दोन शब्द ऐकले. कुणाचं, ते कळून घ्यायला त्या दोन दिवस चहाला येत होत्या.

तर हे शील. वाटीच्या तोंडाएवढं लोखंडी कडं, आतून रबराचा पातळ ओठ, आणि ओठाला आवळून धरणारी केसासारखी नाजूक गोल स्प्रिंग. गुल्ल्यातलं, म्हणजे डिफरन्शिअलमधलं ऑईल हाऊसिंगच्या नळीतून हबपर्यंत येतं, तिथं हा ओठ त्याला अडवतो. ओठ सुटला की ऑईल ड्रममध्ये, ड्रममधून ब्रेकच्या लायनरवर. मग दहा हजार लिटर, म्हणजे दहा टन पाणी थांबवायचं काम ब्रेककडून निघून ड्रायव्हर मामांच्या कुलदैवताकडे जातं.

जर्मनीतल्या फ्रॉइडेनबर्ग नावाच्या चामडं कमावणाऱ्या कारखान्यानं १९२९ च्या सुमारास चामड्याची सीलं करायला घेतली. वॉल्टर सिमर या तिथल्या इंजिनिअरच्या नावावरून जर्मनीत या सीलाला अजून सिमरिंग म्हणतात. हे मी अण्णांना सांगितलं. त्यांनी लहानपणी चामड्याची मोट हाकलेली. "चामडं? मग गळणारच," म्हणाले. त्यांचा मूळ आक्षेप वेगळाच होता. बैलगाडीच्या आसाला वंगण बाहेरून दिसलं की गाडी जपलेली आहे असं म्हणत, आणि इथं तेच दिसलं की खर्च.

पहिल्या दुरुस्तीला मी दिवसभर हजर होतो. चाकाला जॅक, हाऊसिंगखाली घोडी, दोन्ही टायर बाजूला. नट सोडून एक्सल ओढला तेव्हा तो म्यानातून तलवार निघावी तसा निघतच राहिला, आणि मागोमाग घमेल्यात काळं ऑईल. लॉक वॉशरची कड छिन्नीनं सरळ केली, मोठा नट काढला, आणि ड्रमसकट हब मिस्त्री आणि पोऱ्या दोघांनी पोटाशी धरून, लग्नातल्या पातेल्यासारखा खाली घेतला. नवं सील बसवताना मात्र मिस्त्रींचा हात एकदम बदलला. ओठ ऑईलच्या बाजूला केला, त्याला बोटानं ऑईल चोळलं, जुनं सील नव्यावर पालथं ठेवलं आणि वरून हातोडीनं टिचक्या मारल्यागत गोल गोल ठोकत नेलं. लायनरही नवे. बिल बघून अण्णा वाघेश्वराच्या देवळात जाऊन बसले.

अडीच महिन्यांनी पुन्हा इंद्रधनुष्य. या वेळी दोन्ही बाजूंना.

"डुप्लिकेट निघालं," मिस्त्री म्हणाले. म्हणून मी स्वतः नाना पेठेत गेलो. सील आणायला दहा मिनिटं लागली, नगर रोडनं जाऊन यायला उरलेला दिवस. हे सीलही गेलं. तिसऱ्या खेपेला मिस्त्रींनी माझा हात धरून, सीलाचा ओठ जिथं टेकतो तिथं माझं नख फिरवायला लावलं. नख अडकलं. वर्षानुवर्षं त्या मऊ रबरानं, धुळीच्या मदतीनं, लोखंडी रिंगेत खाच पाडली होती. रिंग बदलली, सीलं बदलली, आता गळेल तर मिशी उतरवीन म्हणाले. मिशी आमच्या नशिबानं मोठी होती. शनिवारी मारुतीला आणि बाकी सहा दिवस नगर रोडला, असं आमचं तेल वाहणं चालूच राहिलं.

चौथ्या खेपेला गळती नेमकी कुठून ते बघायला मिस्त्रींनी पोऱ्याला अख्खं हाऊसिंग डिझेलनं धुवायला लावलं. हा पोऱ्या नवीन होता, म्हणून त्यानं ते खरोखरच सगळं धुतलं, वरच्या बाजूनंसुद्धा. खालून आवाज आला, "मिस्त्री, हे बोंड कशाचं हो?"

हाऊसिंगच्या पाठीवर बोराएवढी एक टोपी असते. ब्रीदर. चढावर गुल्ला तापतो, आतली हवा फुगते, ती या टोपीतून बाहेर पडते. आमच्या टोपीत हवेला काय, मुंगीलाही वाट नव्हती. टँकरच्या आधी हीच गाडी वाघोलीच्या खाणींवरून खडी वाहायची. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा ओतला गेला, त्याचा काळा दगड झाला, क्रशरनं त्याची भुकटी केली आणि ती आमच्या ब्रीदरमध्ये ऑईल पिऊन पुन्हा दगड झाली. नाक बंद, मग हवा दर चढाला ओठांमधून निघणार, आणि येताना ऑईल घेऊन येणार. सीलं बिचारी शीलवान होती.

गॅरेजमध्ये काही वेळ कुणीच बोललं नाही. मग मिस्त्री मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "मला पयल्यापासनं शंका होतीच." टोपी डिझेलमध्ये भिजवली, तारेनं कोरली, फुंकर मारली. सीं असा आवाज आला. याचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. पोऱ्याला अण्णांनी शंभराची नोट दिली, ती मिस्त्रींच्या देखत.

परवा सकाळी मामा हाका मारत आले. डाव्या चाकाखाली पुन्हा ओलं. अण्णा धोतर सावरत वाकले, बोट बुडवलं, नाकाशी नेलं. मग खात्री करायला जिभेला लावलं.

"पाणी हाय," म्हणाले, आणि घरात चहा टाकायला सांगितलं. तेवढ्यात काकू विचारत्या झाल्याच, "काय झालं हो?"