बिनभोकाचा मोबाईल

हेडफोनचं भोक नसलेला मोबाईल घ्यावा की नाही, यावर सोनपेठच्या चहाच्या टपरीवर मी बरीच भाषणं ठोकली आहेत. माझी बाजू अर्थातच पुढारलेली. भोकात धूळ जाते, पाणी जातं, ते बॅटरीची जागा खातं, आणि वायरीचा गुंता सोडवण्यात माणसाचं निम्मं आयुष्य जातं. ऐकणारे माझ्याच पैशाचा चहा पीत माना डोलवायचे. त्यांच्या मोबाईलला भोक होतं, त्यामुळे त्यांना वादाची घाई नव्हती.

इतिहासही मला तोंडपाठ. ही पिन मुळात एकोणिसाव्या शतकातल्या टेलिफोन एक्स्चेंजमधली. ऑपरेटर बायका ती या भोकातून उपसून त्या भोकात खुपसायच्या. तेव्हा ती पाव इंच जाड होती. तिची साडेतीन मिलिमीटरची धाकटी बहीण पुढं ट्रान्झिस्टर आणि वॉकमनबरोबर जगभर फिरली. सोनीच्या १९७९ च्या पहिल्या वॉकमनला तर दोन भोकं होती, दोघांनी मिळून ऐकायला. मग ७ सप्टेंबर २०१६ ला ॲपलनं आयफोन ७ आणला, भोक काढून टाकल्याला ‘धाडस’ म्हटलं आणि त्याच कार्यक्रमात बिनवायरीचे एअरपॉड्स पुढं केले. महिनाभर आधीच सॅमसंगवाल्यांनी ‘आमच्या नोट ७ ला भोक आहे बरं का’ म्हणून टोमणा मारून घेतला होता. २०१९ च्या नोट १० मध्ये त्यांनीही ते बुजवलं. पाण्याचं कारण मला तेव्हाही जरा खटकायचं, कारण २०१६ चाच गॅलक्सी एस ७ भोकासकट पाण्यात तग धरायचा. पण आपला मुद्दा आपणच खोडायचा नसतो, निदान टपरीवर तरी.

तर आमच्या गल्लीतल्या मारुतीपुढं सप्ता बसला होता. मंडप गच्च भरलेला, कीर्तनकार महाराजांची गाडी परळीच्या रस्त्यावर कुठंतरी अडकलेली, आणि साउंडवाल्याच्या पेनड्राइव्हनं ऐन वेळी मान टाकलेली. ‘सर, तुमचा नवा मोबाईल द्या, हरिपाठ लावू,’ असं तो म्हणाला तेव्हा मी असा उठलो, की जणू नारदाच्या गादीवर मलाच बोलावलंय.

मशीनमधून एक काळी वायर आली होती, तिच्या टोकाला सोनेरी ईपी पिन, म्हणजे तीच साडेतीन मिलिमीटरवाली. ती हातात धरून त्यानं माझा मोबाईल वरून पाहिला, खालून पाहिला, चारी कडांवरून नख फिरवलं.

‘सर, भोक कुठाय?’

‘नाही. कंपनीनं काढलंय.’

‘कामून?’

एवढ्या एका ‘कामून’ला अख्ख्या मंडपानं माना वर केल्या. मी धाडसाची गोष्ट सांगायला घेतली. खांबाला टेकून बसलेले आबा म्हणाले, ‘मग पैसे कमी घेतले असतील.’ मी गप्प बसलो. पैसे जास्त घेतले होते.

एक पोरगं पळत जाऊन टाइप-सीचं कन्व्हर्टर घेऊन आलं. वीतभर पांढरी वायर, एका टोकाला हरवलेलं भोक. लावलं, तर मोबाईलनं त्याला ओळखच दिली नाही. यात एक गोम आहे, ती मला नंतर कळली. काही मोबाईल टाइप-सीतून तयार आवाज बाहेर सोडतात, त्यांना साधं कन्व्हर्टर चालतं. बाकीचे नुसते आकडे सोडतात, आणि त्या आकड्यांचा आवाज करणारी चिप कन्व्हर्टरच्या पोटात असावी लागते. बाहेरून दोन्ही सारखीच. त्यात मोबाईलची बॅटरी संपत आलेली, आणि चार्जरलाही तेच एकुलतं एक भोक हवं.

शेवटी मशीनला ब्लूटूथ निघालं. जोडलं. हरिपाठ सुरू झाला. मोबाईल मशीनपाशी चार्जिंगला ठेवून मी पहिल्या रांगेत जाऊन बसलो. विज्ञान जिंकलं होतं.

जरा वेळानं हरिपाठ मध्येच थांबला आणि भोंग्यातून माझी रिंगटोन वाजली. साउंडवाल्यानं ती बंद करायला म्हणून बोट फिरवलं, ते हिरव्या बाजूला.

‘अहो,’ भोंगा म्हणाला, ‘सप्त्याला हजार द्या म्हणले होते ना? मग शर्टाच्या खिशात पाचशे कसे निघाले?’

वर्गणीची वही मांडीवर घेऊन बसलेले खजिनदार माझ्याकडं वळले. मी धडपडत उठलो, तर सतरंजीत पाय अडकला.

‘आन् कीर्तनात मागं बसा. पुढं बसून घोरताव तुम्ही.’

वायर असती तरी हे बोलणं भोंग्यातूनच गेलं असतं, हे मला मान्य आहे. पण वायर उपसता येते! शेंबडं पोरही उपसू शकतं. ब्लूटूथ कुठून उपसणार? साउंडवाल्यानं सवयीनं हाताला लागली ती वायर ओढली आणि मंडपातले दिवे गेले. मशीन बॅटरीवर होतं. आता गच्च अंधार, आणि अंधारात फक्त आमची ही.

‘आन् भोंग्यावर ही कोण बाई बोलायलीय हो? आवाज वळखीचा वाटायलाय.’

दिवे आले तेव्हा मंडपात बायकांच्या बाजूला पदर तोंडावर होते. मी फोन कट करून उभा होतो. आबांनी कोपरीच्या खिशातून कीपॅडचा मोबाईल काढला. त्यावर ते रोज एफएम ऐकतात. हेडफोनची वायरच त्याची एरियल, म्हणून वायर गेली तशी माझ्यासारख्यांची एफएमही गेली. मोबाईलमधला रेडिओ बंद करू नका, असं केंद्र सरकारनं २०२३ मध्ये कंपन्यांना बजावलं होतं. आबांना बजावावं लागलं नव्हतं. पिन खट्ट करून आत बसली. मेमरी कार्डावरचा हरिपाठ महाराज येईपर्यंत चालू होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खजिनदारांच्या किराणा दुकानात गेलो. रोख नव्हते, त्यांनी क्यूआर पुढं केला. मी हळूच पैसे पाठवले. काउंटरवरचा डबा रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असा ओरडला, ‘पाचशे रुपये प्राप्त झाले.’

‘झाले बाई हजार पुरे,’ साखर मोजून घेणारी म्हातारी म्हणाली.