सेट आहे!

प्रत्येक सोसायटीत एक नाना असतात. आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीतही आहेत. पांढरा झब्बा, खिशाला दोन पेनं, हातात दोन मोबाइल. तुम्ही अडचण सांगायला तोंड उघडलंत की नाना डोळे मिटतात, तळहात पुढे करून तुम्हाला थांबवतात आणि म्हणतात, "सेट आहे."

काय सेट आहे, हे विचारायची पद्धत नाही.

ऑक्सफर्डच्या इंग्रजी शब्दकोशाची वीस खंडांची दुसरी आवृत्ती १९८९ मध्ये निघाली, तेव्हा त्यातली सगळ्यांत लांबलचक नोंद याच शब्दाची होती. नुसत्या क्रियापदाचे ४३० अर्थ, आणि सगळा पसारा उलगडायला सुमारे ६०,००० शब्द. पुढे 'रन'ने ६४५ अर्थ जमवून 'सेट'चा पहिला नंबर घालवला. हे नानांच्या कानावर घातलं तर म्हणाले, "आधी सांगायचंस की! आपण बोललो असतो कुणाशी तरी."

मराठी घरात हा शब्द शिरला तो सामानाबरोबर. आहेरात आलेला आणि तसाच पुढच्या लग्नात गेलेला लेमन सेट, कपाटातला मोत्यांचा सेट, स्टीलच्या डब्यांचा सेट. उडप्याकडे सेट डोसा, टेनिसमध्ये सहा गेमचा सेट, गोरेगावच्या चित्रनगरीत सिनेमाचा सेट. नानांनी मात्र शब्द सामानातून उचलला आणि माणसांना लावला. कुणाच्या मुलाला नोकरी लागली, की "पोरगा सेट झाला." ती सोडून तो सासऱ्याच्या दुकानात गल्ल्यावर बसला, की "आता खरा सेट झाला." जिन्यात दोघं जरा जास्त वेळ बोलताना दिसली, की आवाज खाली आणून, "सेटिंग आहे." प्लंबर, केटरर, हॉलवाला, सगळी "आपली सेट माणसं." क्रिकेट बघताना नाना "आता हा सेट झाला" म्हणाले, की पुढच्याच चेंडूवर मधली यष्टी उडते. त्यामुळे महत्त्वाच्या सामन्याला त्यांच्याशेजारी चिवड्याची बशी घेऊन एकजण बसवतात. फलंदाज तिशीत आला, की नानांच्या तोंडात बकाणा!

गणपतीला गावी जायचं होतं. नानांना विचारलं, "कोकणकन्येच्या तिकिटाचं काय झालं?"

"सेट आहे."

"कन्फर्म आहे ना?"

"तुला कन्फर्म हवंय की सेट हवंय?"

तिकीट हाती आलं ते वेटिंग ८४. चार्ट लागला तेव्हा ७१. "बघ, सरकतंय!" नाना म्हणाले. शेवटी एसटी गाठली. रांगेत आमच्या पुढे दोन माणसं सोडून पांढरा झब्बा उभा होता. नानांचंही तिकीट सेटच होतं.

त्यांच्या पुतणीने सहायक प्राध्यापक व्हायचं म्हणून अभ्यासिकेत बसून सेट परीक्षा दिली. ती सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं आणि तिथे नानांच्या ओळखीचं कुणीही नाही. पुतणी पास झाली. नाना पेढ्यांचा बॉक्स घेऊन मजल्यामजल्यावर सांगत सुटले, "सेट केली!" मागून ती बिचारी प्रत्येक दारात, "काका, सेट पास झाले, पास!"

इतक्या वर्षांत आम्हाला एवढं कळलंय, की नानांच्या या शब्दाचे अर्थ ४३० नाहीत, एकच आहे : काम झालेलं नाही, पण तू आता घरी जा. तरीही अडलं, की आम्ही नानांचंच दार ठोठावतो. खिडकीपलीकडचा माणूस "उद्या या" म्हणतो, त्याच्या वरचा साहेब "बघू" म्हणतो. आपलं काम झाल्यात जमा आहे असं छातीवर हात ठेवून सांगणारा वस्तीत हा एकच. त्या रात्री झोप लागते, हे काही कमी नाही.

नानी मात्र या शब्दाला बधत नाहीत. परवा विरजण लावून त्या जरा टेकल्या, तर नाना ओट्याशी जाऊन पातेलं कलतं करून बघत होते. "सेट झालंय गं," त्यांनी जाहीर केलं आणि पातळ दुधाचा ओघळ थेट झब्ब्याच्या बाहीत गेला.

"दही सेट होत नसतं, लागतं," नानी जागेवरूनच म्हणाल्या. "आणि लागेपर्यंत मध्ये कुणी हात घालायचा नसतो."